किल्ली कोणाच्या हाती?

सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच एक धडा मिळतो. कोषागाराच्या पक्क्या खोलीला दोन कुलपे असतात. त्याला 'डबल लॉक' म्हणतात. एका कुलपाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे आणि दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. नकलेच्या किल्ल्या मोहोरबंद करून दुसरीकडे ठेवलेल्या असतात. अधिकाऱ्याची बदली झाली की चार्ज देताना किल्ल्यांची नोंद होते, देणारा सही करतो, घेणारा सही करतो. या व्यवस्थेला कोणी अविश्वास म्हणत नाही, कारण ती सर्वांनाच लागू असते.

हा धडा मी कार्यालयात पाळला आणि घरी विसरलो. 2009 साली माझी नेमणूक महाराष्ट्राबाहेर होती. पुण्याच्या घरी वडील होते आणि त्यांचा संगणक होता. जमिनीचे जुने कागद, बँकेची पत्रे, औषधोपचाराचे अहवाल असे सारे त्यांनी हौसेने स्कॅन करून त्यात ठेवले होते. मला ते दुरून पाहता यावेत म्हणून एका ओळखीच्या तंत्रज्ञाने व्यवस्था करून दिली. पासवर्ड म्हणून घराचेच नाव ठरले. चार वर्षांनी मी सहज हिशेब केला, तेव्हा तो पासवर्ड पाच जणांना ठाऊक होता: वडील, मी, तो तंत्रज्ञ, काम सोडून गेलेला त्याचा मदतनीस आणि अडीनडीला धावून येणारा शेजारचा मुलगा. संगणकाने ठेवलेली नोंद उघडून पाहिली तर जगातील कोठल्या कोठल्या पत्त्यांवरून दररोज शेकडो अनोळखी प्रयत्न होत होते. 'अॅडमिन', 'टेस्ट', 'रूट' अशी नावे घेऊन कोणीतरी दार ढकलून पाहत होते. दार उघडले नव्हते, हे केवळ सुदैव. कोषागारात असे घडते, तर संबंधितांकडून मी लेखी खुलासा मागितला असता.

त्या प्रसंगानंतर दुरून संगणक वापरण्याच्या पद्धतीचा इतिहास मी जमेल तसा वाचला. तो तंत्रज्ञांचा इतिहास आहेच, पण मला तो प्रशासनाचाही इतिहास वाटला. आपल्यापैकी अनेकांचे घर एका गावी आणि नोकरी दुसऱ्या राज्यात किंवा देशात असते. म्हणून तो येथे मांडतो.

दुरून कारभार करणाऱ्यापुढे तीन प्रश्न नेहमीच उभे असतात. समोरचा माणूस खरोखर तोच आहे का? आपला निरोप योग्य ठिकाणीच पोहोचला का? आणि वाटेत तो कोणी वाचला किंवा बदलला तर नाही ना? मराठेशाहीतील पत्रांवर आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटवीत. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब मजकूर येथे संपला हे सांगे, म्हणजे त्याखाली कोणी ओळ वाढवू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे आहेत हे विसरतो. वाटेत कोणी वाचू नये, या प्रश्नाला मात्र शिक्का पुरत नाही. तेथे विश्वासू जासूद किंवा सांकेतिक लिपी लागते.

संगणकांच्या जगाने आरंभी या तिन्ही प्रश्नांकडे दुर्लक्ष केले. अमेरिकेत 1969 मध्ये अर्पानेट सुरू झाले, तेव्हाच एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचे यंत्र चालविण्यासाठी 'टेलनेट' नावाची पद्धत आखली जाऊ लागली. 1983 मध्ये तिचे प्रमाण स्वरूप निश्चित झाले. टेलनेटमध्ये नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे तारेवरून जातात. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवावा, तसाच हा प्रकार. ज्यांच्या हातून ते पोस्टकार्ड जाते, त्या प्रत्येकाला तो वाचता येतो. तेव्हा ते कोणाला खटकले नाही, कारण या जाळ्यातील मंडळी मोजकी आणि बहुधा परस्परांच्या ओळखीची होती. 1983 मध्येच बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत 'आरलॉगिन' आले. त्यात तर एका यंत्राने दुसऱ्याला विश्वासू म्हणून नोंदविले की पासवर्डही विचारला जात नसे.

अशा विश्वासाची किंमत 2 नोव्हेंबर 1988 रोजी कळली. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' यंत्रांमधील काही उणिवांबरोबरच या परस्परविश्वासाचाही उपयोग करून पसरला. सुमारे 6 हजार यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. पुढे 3 फेब्रुवारी 1994 रोजी अमेरिकेतील सर्ट या संस्थेने सूचना काढली की नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून टिपणारे प्रोग्रॅम अनेक ठिकाणी बसविले गेले असून हजारो यंत्रांचे पासवर्ड परक्यांच्या हाती पडले असावेत. मोजक्या ओळखीच्या मंडळींसाठी आखलेले नियम तसेच राहिले होते आणि वस्ती मात्र शहराएवढी झाली होती. प्रशासनात हे आपण वारंवार पाहतो.

उपाय तत्त्वतः तोपर्यंत उपलब्ध होता. 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले की पूर्वी कधीही न भेटलेल्या दोन व्यक्ती सर्वांना ऐकू येईल अशा वाटेवर बोलूनही एक गुपित ठरवू शकतात. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी 'आरएसए' ही पद्धत सिद्ध केली. (ब्रिटनच्या सरकारी गुप्तलेखन विभागातील एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांना याच कल्पना 1970 ते 1974 या काळात सुचल्या होत्या, पण शासनाने ती गोष्ट 1997 पर्यंत उघड केली नाही.)

ही कल्पना रोजच्या व्यवहारातील उदाहरणाने सांगता येते. जे कुलूप उघडे देता येते, पण एकदा दाबून लावले की फक्त माझ्याच किल्लीने उघडते, असे कुलूप मी गावभर वाटले तरी बिघडत नाही. वाटायचे ते कुलूप, वाटायची नाही ती किल्ली. तंत्राच्या भाषेत पहिली 'सार्वजनिक किल्ली' आणि दुसरी 'खाजगी किल्ली'. घरच्या संगणकावर माझे कुलूप बसवून ठेवले की किल्ली माझ्याजवळच राहते. आपल्याजवळ किल्ली आहे हे सिद्ध करण्यासाठी ती तारेवरून पाठवावी लागत नाही. पासवर्ड मात्र वापरायचा तर समोरच्याला सांगावाच लागतो. या दोहोंतील मूलभूत फरक हाच.

या तत्त्वाला रोजच्या वापराचे रूप मिळाले ते फिनलंडमध्ये. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर 1995 मध्ये असाच एक चोर प्रोग्रॅम सापडला आणि त्यात हजारो नावे व पासवर्ड साठलेले आढळले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी मग 'सिक्युअर शेल' म्हणजे एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला आणि जुलै 1995 मध्ये तो सर्वांना विनामूल्य दिला. इंटरनेटवर प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. फाइल पाठविण्याची सेवा 21 क्रमांकावर होती आणि टेलनेट 23 वर. मधला 22 रिकामा होता. युलोनेन यांनी तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळाला. शिफारसपत्र नाही, समिती नाही. वर्षअखेरीस सुमारे 50 देशांतील 20 हजार लोक हा प्रोग्रॅम वापरत होते.

योगायोग असा की त्याच्या पुढच्याच महिन्यात, 15 ऑगस्ट 1995 रोजी, भारतात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे आपल्याकडे दार बसले आणि जगात चांगले कुलूप तयार झाले, ते एकाच सुमारास. मग आपण ते कुलूप लावले का?

येथून कथा कायद्याच्या वाटेने जाते. कूटलेखन, ज्याला आपण एन्क्रिप्शन म्हणतो, ते सरकारांना नेहमीच अवघड वाटत आले आहे. चोरापासून जे लपते ते पोलिसांपासूनही लपते. अमेरिकेत 1990 च्या दशकात प्रभावी कूटलेखन शस्त्रांच्या यादीत मोडत होते आणि परवानगीवाचून त्याची निर्यात गुन्हा होता. ईमेलसाठी 'पीजीपी' लिहिणारे फिल झिमरमन 1993 ते 1996 चौकशीला सामोरे गेले. एसएसएच फिनलंडमध्ये जन्मल्याने त्या बंधनातून सुटले. जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेने हे नियम बरेच सैल केले.

भारतात 1998 पासून खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले. त्या परवान्याच्या अटींनुसार पूर्वपरवानगीशिवाय फक्त 40 बिटांपर्यंतच्या किल्लीचे कूटलेखन वापरता येई. त्याहून मोठी किल्ली वापरायची तर लेखी परवानगी घ्यावी आणि उकलीची किल्ली दोन भागांत विभागून दूरसंचार प्राधिकरणाकडे जमा करावी, असे कलम होते. कोषागाराचे डबल लॉक कोणाच्या तरी मनात असावे, असे हे कलम वाचताना वाटते. कल्पना जुनी आणि आपलीच होती, पण आकडा चुकला होता. 40 बिट म्हणजे सुमारे 1 लाख 10 हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण जानेवारी 1997 मध्येच बर्कलेच्या इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे 250 यंत्रे जोडून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून दाखविली होती. शिवाय अटीत उल्लेख आरएसए पद्धतीचा होता. त्या पद्धतीत 40 बिटांची संख्या म्हणजे जास्तीत जास्त तेरा अंकी संख्या. तिचे अवयव साधा संगणक क्षणात पाडतो.

याच सुमारास दुसऱ्या कचेरीत काय चालले होते? जून 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत किमान 128 बिटांचे कूटलेखन सांगितले. म्हणजे शासनाचा एक हात 40 च्या वर जाऊ नका म्हणत होता आणि दुसरा 128 च्या खाली येऊ नका म्हणत होता. घरून विद्यापीठाच्या यंत्राशी एसएसएचने जोडणी करणारा विद्यार्थी परवान्याची अट अक्षरशः वाचली तर तिच्याबाहेर होता. त्याला कोणी पकडले नाही. पण जो नियम सगळेच मोडतात आणि कोणी अंमलात आणीत नाही, त्याने इतर नियमांचाही आदर कमी होतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये आला. त्यात 2008 साली सुधारणा होऊन कूटलेखनाच्या पद्धती ठरविण्याचा अधिकार देणारे कलम 84 अ समाविष्ट झाले आणि ते ऑक्टोबर 2009 पासून लागू झाले. त्या कलमाखाली सप्टेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. नागरिकांनी आपल्या कूटबद्ध संदेशांची साधी प्रत 90 दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यास द्यावी, असे त्यात होते. जे कुलूपबंद केले त्याचीच उघडी प्रत घरात ठेवायची, म्हणजे चोराला कुलूप फोडण्याचेही श्रम नकोत. टीका एवढी झाली की काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. तो मागे घेणे हा शासनाचा शहाणपणा होता, असेच मी म्हणेन. चूक मान्य करायला प्रशासनात धैर्य लागते.

इकडे कुलूपही निर्दोष नव्हते. एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत दोष सापडले. 1999 मध्ये कॅनडातून चालणाऱ्या ओपनबीएसडी प्रकल्पाने 'ओपनएसएसएच' ही खुली आवृत्ती आणली आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. 2006 मध्ये दुसरी आवृत्ती रीतसर प्रमाण ठरली. त्यानंतर मे 2008 मध्ये एक धक्कादायक गोष्ट उघड झाली. डेबियन या लोकप्रिय प्रणालीत 2006 साली कोणीतरी नीटनेटकेपणासाठी, एका तपासणी साधनाने तक्रार केली म्हणून, एका घटक प्रोग्रॅममधील अनावश्यक वाटणारा मजकूर काढून टाकला होता. त्यामुळे किल्ल्या बनविताना लागणारी यदृच्छता जवळजवळ नाहीशी झाली. दीड वर्षाहून अधिक काळ या प्रणालीवर बनलेल्या प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे फक्त 32,768 नमुने संभवत होते. कुलपे दिसायला भारी, पण कारखान्यातून किल्ल्या त्याच त्या निघत होत्या. एखादा नियम का केला होता हे न विचारता तो अनावश्यक म्हणून काढून टाकण्याची आपल्याकडची उदाहरणे वाचकांना आठवतील.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे देशात टाळेबंदी झाली आणि घर व कार्यालय यांतील वाट उलट दिशेने चालू लागली. अधिकारी घरी आणि फायली कार्यालयात. ज्या विभागांत ई-ऑफिस होते, तेथे व्हीपीएनच्या, म्हणजे कूटबद्ध खाजगी मार्गाच्या, साहाय्याने टिपणे लिहिली गेली. त्याच आठवड्यात, 29 मार्च 2020 रोजी, लिनक्सच्या 5.6 या आवृत्तीत जेसन डोनेनफेल्ड यांचे 'वायरगार्ड' समाविष्ट झाले. अवघ्या सुमारे 4 हजार ओळींत त्यांनी असा मार्ग उभारला होता. जे थोडक्यात लिहिले आहे ते तपासता येते, हा त्यामागील विचार. आपली शासन परिपत्रके लिहिणाऱ्यांनी यावर अवश्य मनन करावे. 28 एप्रिल 2022 रोजी भारताच्या सर्ट-इन संस्थेने व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षे ठेवावी असे निर्देश दिले. सुरक्षितता आणि खाजगीपणा यांतील जुना वाद अशा रीतीने पुन्हा उभा राहिला.

शेवटचा प्रसंग 2024 चा. 'एक्सझेड' नावाचा फाइली आकसविणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तेव्हा अनेक लिनक्स प्रणालींत एसएसएचची सेवा आडवळणाने त्याच्या एका भागावर विसंबून होती. तो सांभाळणारा मूळचा माणूस एकटा आणि थकलेला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी 2021 पासून मदत करू लागले, विश्वास मिळविला आणि हळूहळू चार्ज आपल्याकडे घेतला. 2024 च्या आरंभी त्याने त्यात चोरदरवाजा बसविला. तो पकडला गेला तो केवळ आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चौकसपणामुळे. आपल्या यंत्रात एसएसएचने प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. त्यांनी पाठपुरावा केला आणि 29 मार्च 2024 रोजी जगाला सावध केले. इतक्या वर्षांचे गणित आणि कायदे बाजूला राहिले आणि चार्ज कोणी कोणाला दिला, या प्रश्नावर सारे येऊन ठेपले.

मग बाहेरगावी राहून घरचा संगणक वापरणाऱ्याने काय करावे? या इतिहासातून मी स्वतःपुरते पाच नियम काढले आहेत.

1. पासवर्डाने प्रवेश बंद करावा, किल्लीनेच ठेवावा. खाजगी किल्ली ज्या यंत्रावर असते, तेथे तिलाही स्वतंत्र परवलीचे वाक्य असावे.

2. संगणकाचे दार थेट रस्त्यावर उघडू नये. विंडोजची दूरस्थ पडद्याची सेवा उघडी ठेवणे विशेष धोक्याचे. 2019 मध्ये तिच्यात इतका गंभीर दोष सापडला की मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीही दुरुस्ती काढली. आधी वायरगार्डसारख्या मार्गाने घरात यावे, मग संगणकापर्यंत जावे. अनेक ठिकाणी इंटरनेट कंपनी बऱ्याच घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, त्यामुळे बाहेरून घर सापडतच नाही. अशा वेळी घरच्या यंत्राने बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरशी जोडणी करावी आणि आपण तेथून आत यावे.

3. प्रथम जोडताना एसएसएच समोरच्या यंत्राची खूण दाखवून विचारते, ही खरी मानू का? आपण न वाचता 'हो' म्हणतो. न वाचता फायलीवर सही करण्यासारखेच हे आहे. घरून निघण्यापूर्वी ती खूण वहीत लिहून घ्यावी आणि ताडून पाहावी.

4. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही साध्या टेलनेटवरून, असेच ठरावीक पासवर्ड वापरून.

5. वर्षातून एकदा चार्ज-रिपोर्ट लिहावा. कोणाकोणाची किल्ली नोंदलेली आहे? त्यांतील कोणाची आता गरज नाही? ती काढून टाकावी. नकलेची किल्ली मोहोरबंद पाकिटात विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी, म्हणजे आपल्यामागे घरच्यांची अडचण होत नाही.

पहिले चार नियम कोणताही जाणकार तंत्रज्ञ सांगेल. पाचवा मात्र आपला आपणच पाळायचा असतो आणि बहुतेक घरांत व बहुतेक कचेऱ्यांत तोच राहून जातो. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या नावाने त्याचा स्टेनो महिनोन् महिने प्रणालीत प्रवेश करतो, हे मी एकाहून अधिक राज्यांत पाहिले आहे. त्यात बहुधा कोणाचा वाईट हेतू नसतो. किल्ली परत मागणे म्हणजे अपमान करणे, असा समज मात्र असतो. लोखंडी किल्लीच्या बाबतीत हा समज आपल्या पूर्वसूरींनी नोंदवहीच्या एका रकान्याने मोडून काढला. न दिसणाऱ्या किल्लीसाठी तो रकाना आपण अजून आखलेला नाही.

माझे वडील 2017 साली गेले. त्यांचा संगणक अजून पुण्याच्या त्याच खोलीत आहे. आज त्याच्या यादीत दोनच किल्ल्या आहेत, एक माझी आणि एक बहिणीची. नकलेचे पाकीट तिच्या कपाटात आहे आणि त्यावर आम्हा दोघांची सही व तारीख आहे. जमिनीच्या एका प्रकरणात मागच्या वर्षी जुना फेरफार हवा होता. मी हजार किलोमीटरांवरून तो पाच मिनिटांत काढला. वडिलांनी प्रत्येक कागदाला नाव आणि तारीख दिली होती. कागद त्यांनी नीट ठेवले होते, कुलूप तेवढे मी उशिरा लावले.